मेणबत्तीचं पान

पन्नाशी उलटली तरी मी बायबल वाचलेलं नाही, हे मी पहिल्यांदा सांगितलं ते कन्फेशनच्या जाळीशी गुडघे टेकून. सांगायचा धीर व्हायला बरेच आठवडे गेले होते. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "बरं. पुढे?"

पुढे काही नव्हतं. मी त्या एकाच पापासाठी आलो होतो. पण फादर थांबले आहेत असं वाटून मी दोन-तीन किरकोळ पापं जोडून दिली. फादरांनी प्रायश्चित्त सांगितलं, "मग रोज थोडं वाचत चला." बाहेर येऊन बाकावर बसलो आणि लक्षात आलं, जोडून दिलेली पापं मी केलीच नव्हती. म्हणजे कन्फेशनमध्ये खोटं बोललो. पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. माझं असंच असतं, आणि त्यामुळे शनिवारी माझ्या मागे उभं राहायला कुणी तयार नसतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते शाळेत. मी चौलजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आमचे विज्ञानाचे सर बौद्ध आहेत. त्यांच्या वाडीतल्या विहारात पावसाळाभर ग्रंथवाचन चालतं. एकदा डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "सर, तुमचं बायबल तर तुमचं वाचून झालंच असेल ना?" मी तोंडात घास असल्याचा फायदा घेऊन मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मलाही ठरवता आलं नाही. पण त्या दिवशी भाजीची चव लागली नाही.

आमची ख्रिस्ती वाडी रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पोर्तुगीज गेले, त्यांच्या भाषेतून झालेली आमची बोली घराघरांत राहिली. आईला आम्ही माय म्हणतो आणि वडलांना पाय. मराठी शाळेतल्या माझ्या पहिल्या निबंधात मी लिहिलं होतं, 'माझे पाय पहाटे उठून शेतावर जातात.' गुरुजींनी खाली शेरा मारला, 'आणि तू?' पाय आता नाहीत. माय आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती माझ्याशी आमच्या बोलीतच बोलते, ते इथं मराठीत लिहितो आहे.

घरात बायबल होतं. लग्नात मिळालेलं, शोकेसमध्ये, काचेच्या ताटांच्या शेजारी, प्लास्टिकच्या कव्हरात. ते मी बाहेर काढलं आणि संध्याकाळी ओटीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. मास्तर असल्यामुळे हातात पेन्सिल आपोआप आली. महत्त्वाच्या ओळींखाली रेघा पडू लागल्या. माय आतून बघत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बायबल घरात असतं, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकलं जातं, त्याला नमस्कारही करतात. पण रोज संध्याकाळी ते मांडीवर घेऊन, ओळींखाली रेघा मारत बसणारा माणूस म्हणजे हालेलुयावाला. टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्या त्या मंडळींना गावात हेच नाव आहे. आमच्यातलीच दोन घरं त्यांच्याकडे गेली. माणसं पूर्वीइतकीच भली आहेत, पण त्यांनी घरातल्या मूर्ती उतरवल्या आणि मृतांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावणं बंद केलं. मेलेला देवाकडे गेला, आता मेणबत्ती कशाला, असं त्यांचं म्हणणं. गावाच्या मते हालेलुयावाल्याची दुसरी खूण म्हणजे तो दारू सोडतो. आणि मला त्याच महिन्यात अलिबागच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीसाठी दारू बंद करायला सांगितलं होतं.

रविवारी जेवणाआधी मायनं माझ्यापुढे स्वतःच्या हातानं ग्लास आणून ठेवला. आयुष्यात तिनं मला असा ग्लास दिलेला नव्हता. उलट होता तो काढून घेतला होता.

"थोडी घे," ती म्हणाली.

"डॉक्टर नको म्हणालेत, माय."

"कुठला डॉक्टर? रेघा मारणारा?"

मला तेव्हा बोलण्याचा रोख कळला नाही. मी वाचत राहिलो. बायबलातल्या तिसऱ्या पुस्तकात पोचलो. तिथं पाण्यातलं काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगितलेलं आहे. पर आणि खवले असतील ते चालतं, नसतील ते वर्ज्य. सवयीनं मी मनातल्या मनात उदाहरणं मांडू लागलो. पापलेट चालतं. सुरमई चालावी. बोंबलाशी जरा अडलो. कोलंबी, खेकडे, माकूल, तिसऱ्या, कालवं सगळं गेलं. माझं अर्धं बालपण अशुद्ध निघालं.

त्या संध्याकाळी घरात कोलंबीचं कालवण होतं. मी घास उचलला आणि हात मध्येच थांबला. खायचं नव्हतं असं नाही, फक्त विचार करत होतो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

मी काय वाचलं ते सांगितलं. तिनं भात वाढता वाढता ऐकून घेतलं. "अहो, ते पान मिटा आणि हे पान वाढलंय त्यावर जेवा," ती म्हणाली. मी जेवलो. कोलंबी दोनदा घेतली. पण मायनं बघायचं ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर मायच्या खाटेखाली फरशीचा एक चौकोन लख्ख दिसत होता. ट्रंक नव्हती.

त्या ट्रंकेत मायचं शेवटचं सामान असतं. पांढरी साडी, नवी जपमाळ आणि आशीर्वाद दिलेली मेणबत्ती. आमच्यात जीव जाताना ही मेणबत्ती मुलानं पेटवून आईच्या हातात धरायची असते, आणि नंतर दरवर्षी नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिच्या कबरीवर लावायचीही त्यानंच. पाय गेले तेव्हा मायनं ट्रंकेची चावी माझ्या हातात दिली होती. चावी अजून माझ्याच खिशात होती. मायनं ट्रंक कुलपासकट हलवली होती.

ती शेजारी वहिनीकडे सापडली. वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको. दारातच भेटली आणि मी काही विचारायच्या आत बोलू लागली.

"भावजी, माझा काही संबंध नाही हं. माय म्हणाली, मी गेल्यावर मेणबत्ती लावायला कुणीतरी कॅथलिक माणूस पाहिजे."

"मग मी कोण आहे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. काल म्हणे तुम्ही कोलंबी बघून थांबलात."

घरी आलो. माय ओटीवर वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो की तुझी मेणबत्ती मी लावणार नाही तर कोण लावणार, आणि मी काही कुठं गेलेलो नाही.

"आज नाही गेलास," ती म्हणाली. "पण पोचशील."

"कुठं?"

"त्या पानापर्यंत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माय वाल सोलता सोलता समजावून सांगू लागली, जसं पावसात कुठल्या वाटेनं जाऊ नये ते सांगतात तसं. "ती सगळी माणसं आधी आपल्यासारखीच होती ना? मेणबत्त्या लावायची. मग वाचायला लागली. वाचता वाचता माणूस एका पानाशी पोचतो. तिथं लिहिलेलं असतं, मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावू नका. तिथून पुढे तो लावत नाही. तुझं काल कोलंबीचं पान आलं. मेणबत्तीचं पण येईल."

"असं पान नाही, माय."

"तू सगळं वाचलंस?"

इथं दुसऱ्या कुणीही हो म्हटलं असतं. गेली असती ट्रंक परत खाटेखाली. पण माझ्या आधीच्या पापांचा हिशोब अजून मिटलेला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "अजून तिसऱ्या पुस्तकात आहे."

"मग तुला काय ठाऊक?" माय म्हणाली. "पाय तिकडे एकटे आहेत. तुझी मेणबत्ती बंद झाली तर त्यांच्याकडे कोण बघणार? मी जाईन तेव्हा माझ्याकडे कोण बघणार? वहिनीला वाचता येतं, पण तिला वेळ नसतो. तीच बरी."

आता मी अडकलो होतो. वाचणं थांबवावं तर प्रायश्चित्त मोडतं. वाचत राहावं तर आई जाते. मी फादरांकडे गेलो. फादर वसईकडचे, तरुण आहेत. मोटारसायकलची चेन पुसत बसले होते.

"फादर, श्रद्धेला वाचन लागतंच का?" मी विचारलं. "मायला वाचता येत नाही. पण प्रार्थनेला ती बसली की घरातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटतं. मी तिसऱ्या पुस्तकात पोचलो, तर माझी कोलंबीवरची श्रद्धा गेली."

"कोलंबीचं पुढे रद्द होतं. पुढे वाचा."

"पण लागतं का?"

फादरांनी फडकं खाली ठेवलं. "तुमच्या पणजीला वाचता येत होतं?"

"नाही."

"तिच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये. म्हणजे वाचता येत नव्हतं आणि ऐकलेलं कळत नव्हतं. तरी तिनं हे सगळं तुमच्यापर्यंत आणून पोचवलंच की."

"मग मी वाचू कशाला?"

"पेपर राशिभविष्यासकट वाचता ना? मग हेही वाचा."

राशिभविष्य वाचण्याचं पाप मी फक्त कन्फेशनमध्ये सांगितलं होतं, आणि तिथलं बाहेर काढायचं नसतं. माझा चेहरा बघून फादर घाईनं म्हणाले, "सगळेच वाचतात हो." मग आपल्या गावात एक माणूस खरंच वाचतो आहे या आनंदात त्यांनी मला पुढच्या रविवारी मिस्सेनंतर चार शब्द बोलायला सांगितलं. येशूच्या शिष्यांच्या गावाबद्दल, भूगोलाच्या अंगानं. मला वाटलं, बरी संधी आली. वाडीसमोर उभं राहून बोललो की मायची शंका जाईल.

शाळेतून नकाशा नेला. मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घेतली, नाहीतर तेही मनाला लागून राहिलं असतं. रविवारी वेदीच्या बाजूला नकाशा टांगला आणि गालीलच्या समुद्रावर पट्टी टेकवली. म्हणालो, "याला समुद्र म्हणत असले तरी हा समुद्र नाही. हे गोड्या पाण्याचं तळं आहे."

मी पुढे वाऱ्यांविषयी आणि डोंगरांच्या उंचीविषयी बोललो, ते कुणी ऐकलं नाही. बाकांवरून कुजबूज सुरू झाली होती. आमच्याकडे सगळे समजून चाललेले आहेत की येशूचे कोळी शिष्य आपल्या कोळ्यांसारखेच, भरती-ओहोटी बघून होडी घालणारे, खाऱ्या वाऱ्यानं काळे पडलेले. नकाशा गुंडाळून बाहेर आलो तर पायऱ्यांवर माणसं माझीच वाट बघत होती.

"मास्तर, गोड्या पाण्याचं म्हणजे काय मिळायचं त्यांना?" एकानं विचारलं. "चिलापी?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "चिलापीच्याच जातीचा एक मासा तिथं मिळतो."

आमच्याकडे चिलापी मांजरसुद्धा विचार करून खातं. मग एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही थोरल्या शिष्याचा सण करतो. पापलेट आणून. त्याला तू तळ्यात उतरवलंस."

सोमवारी सकाळी दारावर आलेली कोळीण टोपली उतरवता उतरवता बायकोला म्हणाली, "बाय, सर म्हंतान तुमच्या देवाची मान्सा तल्यान मासं धरायची. खरा हाय काय? मंग माझेकडना कशाला घेता? चला तल्यावं."

मायनं आतून ते ऐकलं. मग वाल निवडता निवडता एवढंच म्हणाली, "समुद्र गेला. आता मेणबत्ती जाईल."

पण त्या रविवारी आणखी एक गोष्ट झाली होती, ती मी घरी सांगितली नव्हती. सांगायची लाज वाटत होती. मिस्सेआधी फादरांनी माझं बायबल हातात घेऊन उघडलं आणि अनुक्रमणिकेवर बोट फिरवत थांबले.

"सर, हे कुठून आणलंत?"

"लग्नात मिळालं. आमच्या जुन्या हेडमास्तरांकडून, ते नगरकडचे."

"हे प्रॉटेस्टंट मंडळींचं आहे, हालेलुयावाल्यांकडे असतं तेच. चांगलं आहे हो, तसं काही नाही. पण आपल्या बायबलमध्ये काही पुस्तकं जास्त असतात. ती यात नाहीत." त्यांनी कपाटातून दुसरं, जाडजूड बायबल काढलं. "आणि तुमच्या मायला हवंय ते नेमकं त्यांतच आहे. ट्रंकेचं कळलं मला."

ट्रंकेचं सगळ्या गावालाच कळलं होतं. मला त्यापेक्षा हे लागलं की लग्नापासून आमच्या शोकेसमध्ये कॅथलिक ताटांशेजारी प्रॉटेस्टंट बायबल होतं आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. उघडलंच नाही तर कळणार कसं. मायचा संशय एका अर्थी खरा होता. फक्त ती भीत होती ते पान त्यात जास्तीचं नव्हतं. एक पान कमी होतं.

मंगळवारी मी धीर केला. फादरांचं बायबल घेऊन ओटीवर मायशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मग म्हणालो, "मेणबत्तीचं पान सापडलंय. वाचू?"

तिनं सोललेले वाल बाजूला सारले. हात पदराला पुसले. मला वाटलं ती उठून जाईल. पण तिनं डोक्यावरून पदर घेतला, मिस्सेत घेते तसा.

मी वाचलं आणि आमच्या बोलीत समजावलं. एक लढाई होते. सरदार पडलेल्या सैनिकांना पुरायला जातो तर त्यांच्या कपड्यांखाली दुसऱ्या देवांचे ताईत सापडतात. ते त्यांच्या धर्मात मोठं पाप. तरीही तो मागे राहिलेल्यांकडून वर्गणी घेतो आणि मेलेल्यांच्या पापांसाठी मोठ्या मंदिरात अर्पण करायला पाठवतो.

"म्हणजे मेलेल्यांसाठी मिस्सा सांगितली," माय म्हणाली.

"तसंच काहीसं."

"ताईत घातलेल्यांसाठी?"

"हो."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पाय नुसती ताडी प्यायचे."

मी मान हलवली. तिनं मला तोच उतारा पुन्हा वाचायला लावला, आणि ताईत कुठं बांधले होते, ते कुणाच्या लक्षात कसे आले नाहीत, हे विचारलं. त्यातलं सगळं मला सांगता आलं नाही. "तुझा आवाज बारीक आहे," ती शेवटी म्हणाली. "मागच्या बाकावर ऐकू जाणार नाही." मग आणखी एक विचारलं, "ते लोक हे पान वाचत नाहीत?"

"त्यांच्या पुस्तकात ते नाही."

"हरवलं?"

"आपले म्हणतात, काढलं. ते म्हणतात, ते देवाच्या पुस्तकातलं नव्हतंच."

मायनं काढण्या-न काढण्याच्या वादात लक्ष घातलं नाही. तिच्यापुरतं ते हरवलं होतं. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा आमचा एक संत आहे, त्याला तिनं संध्याकाळच्या प्रार्थनेत घातलं. वहिनीची कानातली, शाळेतली माझी छत्री आणि त्या लोकांचं पान.

मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की अजून बरंच वाचायचं बाकी आहे, पुढे काय निघेल ते मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "वाच. कोलंबीसारखं काही निघालं तर मला नको सांगूस." ट्रंक मात्र लगेच परत आली नाही. वहिनीनं तिच्यावर पापडांचे डबे रचले होते.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. खाडीवरून वारा होता. पायांच्या कबरीवर मी मेणबत्ती लावली आणि माय शेजारी उभी राहून पाहत होती. मेणबत्ती नीट पेटल्यावर ती पुढे निघाली आणि गवत वाढलेल्या एका कबरीपाशी थांबली. तिथं हालेलुयात गेलेल्या घरांपैकी एकाचा म्हातारा पुरलेला आहे. तो गेला तेव्हा ती मुलं अजून आमच्यातच होती. मायनं पिशवीतून दुसरी मेणबत्ती काढली.

"माय, त्यांना विचारायला हवं," मी म्हणालो.

"मेणबत्ती म्हाताऱ्याला आहे. पोरांकडे पान नाही, त्यात त्याचा काय दोष?" तिनं वाकून पदराचा आडोसा धरला. "पेटव. आणि तुला फारच वाटत असेल तर जा, विचार उद्या."

मला अर्थातच वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी त्यांच्या फाटकाशी गेलो. थोरला मुलगा चेनच्या पिशवीतलं बायबल घेऊन बाहेर पडत होता. मी म्हणालो की न विचारता तुमच्या बाबांच्या कबरीवर मायनं मेणबत्ती लावली, पेटवली मी, राग मानू नका.

तो फाटकाची कडी धरून उभा राहिला. मी मनात माफीची वाक्यं जुळवू लागलो.

"काल वारा होता," तो म्हणाला. "टिकली का?"

"टिकली," मी म्हणालो. "मायनं आडोसा केला होता."